नवसागरानं धुतलेलं चाक

अब्बा,

तुम्ही गेल्याला आज पंचेचाळीस दिवस झाले. रोज कुणी ना कुणी येऊन तुमच्याबद्दल चांगलं बोलून जातं आणि मी चुलीपुढं बसून ऐकते. तुमच्या हातच्या कल्हईत तोंड दिसायचं म्हणतात. अर्धं कथील कधी चोरलं नाही म्हणतात. सगळं खरं आहे. मी मात्र तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे सांगतात, म्हणून हे कागद कुणाला दाखवणार नाही. घरात आपण आपली बोली बोलायचो, पण लिहायला मला मराठीच येतं. शिरूरच्या शाळेत चौथीपर्यंत तेवढंच शिकले.

चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही त्याचा फायदा घेतलात, अब्बा. म्हणून आधी तेच लिहिते. त्या वर्षी चाक माझ्या हातानं बिघडलं नव्हतं.

ती गाडी तुम्ही आणली तेव्हा मी आठ वर्षांची होते. लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती आणि लष्कराचं जुनं सामान लिलावात निघत होतं. बाकीचे लोक पिंपं, ताडपत्र्या घेऊन आले. तुम्ही जीपमागं जोडायची दोन चाकी गाडी आणलीत. पुढं लाकडी दांडी बसवून तिला आपले बैल जुंपलेत, वर फळ्यांची खोली केलीत, पत्र्याचं छप्पर घातलंत. आत अम्मीची चूल, आमच्या गोधड्या, खाली टांगलेला भाता. आपण न्हावऱ्याला गेलो की पोरं ओरडायची, "कल्हईवाल्याचा बंगला आला." गेनूआप्पा, ज्यांचा फुलांचा मळा आपल्या घरामागं आहे, ते तर दर वेळी विचारायचे, "काय मिस्त्री, बंगल्याला माडी कवा चढवताय?" तुम्ही म्हणायचात, "बैलांना विचारून सांगतो."

त्या गाडीच्या चाकात बेअरिंग होती, ह्याचं तुम्हाला फार भूषण होतं. बैलगाडीच्या आसाला तेलाची चिंधी कोंबली की झालं, हिचं तसं नव्हतं. लिलावातल्या एका मेकॅनिकनं तुम्हाला दोन तास बसवून शिकवलं होतं, आणि तुम्ही ते मला शिकवलंत, कारण माझी बोटं बारीक होती. हंगामाला निघायच्या आधी गाडीचा आस ओंडक्यावर उचलायचा. चाकाच्या मधली टोपी काढायची, पिन सरळ करून ओढायची, नट सोडायचा. बेअरिंग बाहेर आली की राकेलमध्ये धुवायची, सावलीत वाळवायची. मग डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची. पलीकडून ग्रीस शेवयांसारखं बाहेर आलं, की तेवढा भाग भरला. मग थोडी फिरवायची. नट घट्ट आवळायचा आणि पुन्हा जरासा सैल सोडायचा. पहिल्या वर्षी मला ते सैल सोडणं कळेना. मी विचारलं, "घट्ट केलेलं बरं ना?" तुम्ही म्हणालात, "चाकाला श्वास घ्यायला जागा लागते." हे मी अजून विसरले नाही. चांगलं शिकवायचात तुम्ही. ते मी कसं नाकारू?

मग ते वर्ष आलं. मी बारा वर्षांची होते, रशीद दहाचा. शिरूरमध्ये महिनाभर राकेल मिळत नव्हतं आणि इनामगावच्या लग्नघरची भांडी कल्हई करून लग्नाआधी पोचवायचा वायदा होता. तुम्ही दोन्ही चाकांच्या मिळून चारही बेअरिंगी परातीत घेतल्यात, अम्मीकडून नवसागर कुटून घेतलात, आणि तांब्याच्या हंड्याला घासावं तसं नवसागराच्या पाण्यानं आणि राखेनं त्या घासल्यात. कल्हईवाल्याला नवसागर म्हणजे गंगाजल. त्यानं साफ होत नाही असं जगात काही असतं, हे तुमच्या मनातही आलं नाही. त्या इतक्या चमकल्या की तुम्ही एक उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरलीत. "बघ, राकेलनं कधी अशी झाली होती?" मी म्हटलं, "नाही." आणि मी त्यांत ग्रीस भरलं. दर वर्षी भरायची तेवढंच, शेवया निघेपर्यंत.

इनामगाव जवळ आलं तेव्हा निघून तीन आठवडे झाले होते. वाटेतल्या गावांची कामं करत आपण चाललो होतो. डावं चाक दोन दिवस किरकिरत होतं. घोडनदीकडं उतरणाऱ्या वाटेवर जळका वास आला, चाक कलंडलं आणि निखळून बैलांच्या पुढं पळालं. गाडी डाव्या अंगावर पडली. अम्मी आत होती. लग्नघरचा मोठा हंडा तिच्या मांडीवर आला.

ती ओरडली नाही. हे मला कायम आठवतं. तिनं फक्त रशीदला हाक मारली आणि बैल सोड म्हणून सांगितलं.

गेनूआप्पा त्या दिवशी फुलांचे भारे घेऊन दौंडला चालले होते. त्यांनी आणि दोन वाटसरूंनी गाडी उचलली, अम्मीला बाहेर काढलं. मग तुम्ही चाकाशी गेलात. मी तुमच्या मागंच होते, अब्बा. आतलं ग्रीस चिखलासारखं तपकिरी झालं होतं. बेअरिंगचे रूळ गंजून खवडले होते, दोन तर फुटलेच होते. तुम्ही लुंगीच्या टोकानं ते भराभर पुसलंत. का पुसताय, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, तुम्हाला घाण आवडत नाही.

गेनूआप्पांनी विचारलं, "असं कसं झालं वो मिस्त्री? लष्करी माल ना ह्यो?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "वंगण कमी पडलं. पोरीच्या हातचं काम."

"मग पोरीच्या हातात चाक द्यायचंच कशाला म्हंतो मी."

"पुन्हा नाही देणार."

एवढंच बोलणं झालं. मी माझे तळहात बघत उभी राहिले.

अम्मीचा पाय न्हावऱ्याच्या वैदूनं बांधला. तो वाकडाच जुळला. जूनमध्ये माझं नाव पाचवीत घालायचं होतं. गुरुजी स्वतः घरी आले, पोरीचं अक्षर चांगलं आहे म्हणाले. तुम्ही त्यांना सांगितलंत, "आईचा पाय हिनं घालवलाय, आता घर हिलाच बघू द्या." गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, म्हणजे त्यांना ते खरंच वाटलं. मलाही खरंच वाटत होतं. चार वर्षं मी अम्मीला आधार देऊन परसात नेत होते आणि रोज मनात मोजत होते, त्या दिवशी किती ग्रीस घेतलं होतं, कुठं कमी पडलं असेल. माझ्या लग्नात कुणा पाहुण्यानं गमतीनं म्हटलं, "दौंडच्या लोकांनो, हिला गाडीच्या चाकापासून लांब ठेवा हो." मांडव हसला. तुम्हीही हसलात.

आणि दैव बघा, नवरा मिळाला तो रेल्वेत डब्यांच्या आसांना तेल घालणारा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी जेवताना सांगितलं, की गाडी स्टेशनात आली की आम्ही पहिल्यांदा आसपेटीला उलटा हात लावून बघतो, तापली असली की डबा कापून, म्हणजे गाडीपासून सोडवून, बाजूला काढतात. मला रडू आलं. ह्यांनी विचारलं, मग मी सगळं सांगितलं. ह्यांनी मध्येच हात वर केला.

"थांब. धुतलं कशानं होतं?"

"नवसागरानं."

"काय म्हणालीस?"

"नवसागरानं. भांड्यासारखं."

ह्यांनी घास ताटात परत ठेवला. "अगं, नवसागर लोखंड खातो. तू त्यात मणभर ग्रीस भरलं असतंस तरी ते चाक गेलंच असतं. तुझ्या अब्बाला हे कळलं नसेल का?"

मला लुंगीचं टोक आठवलं.

हंगामाआधी तुमचं बोलावणं आलं, तेव्हा मी शिरूरला आले ती एसटीत वाक्य पाठ करत आले. अब्बा, ते नवसागरानं झालं ना? अब्बा, ते नवसागरानं झालं ना? घरी पोचले तर परसात गाडी ओंडक्यावर चढवलेली, शेजारी राकेलचा डबा, ग्रीसचा नवा डबा, आणि रशीद घरात नाही. त्याला तुम्ही पुण्याला कथील आणायला पाठवलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझे हात बारीक आहेत. रशीदचे आत जात नाहीत." माझे हात तेव्हा बारीक राहिले नव्हते, अब्बा, आणि रशीदचे एवढे मोठे कधीच नव्हते. मी खाली बसले, पहिली बेअरिंग राकेलमध्ये टाकली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. आयुष्यात तुम्हाला उलट विचारलेला तो माझा एकच प्रश्न.

तुम्ही म्हणालात, "राकेल सांडू नकोस."

त्यानंतर नऊ वर्षं, दर हंगामाआधी तुमचं कार्ड यायचं, चार दिवस माहेरी ये. दर वर्षी रशीद पुण्याला गेलेला असायचा. दर वर्षी मीच ग्रीस भरायची, आणि तुम्ही शेजारी बसून पिना निवडायचात, कारण जुनी पिन पुन्हा वापरायची नाही हा तुमचा नियम. मग बैल जुंपून गाडी ओढ्यापर्यंत नेऊन आणायचो. तुम्ही चाकाच्या तुंब्याला, मधल्या गोल भागाला, उलटा हात लावायचात आणि मला म्हणायचात, "आता तू लाव." घरी आल्यावर तुम्ही माझ्यासाठी गरम पाणी आणि रिठे ठेवायचात. माझ्या नखांतलं ग्रीस कडुनिंबाच्या काडीनं स्वतः काढायचात, एकेक बोट धरून. तसा हात माझा कुणी धरला नाही. हे लिहिताना मला रडू येतं आणि त्या रडण्याचाही राग येतो. माझ्या हातावर तुमचा एवढा विश्वास होता, की सगळं घर त्या चाकांवर घालून तुम्ही सहा-सहा महिने फिरत होतात. मग बाहेर ओट्यावर कुणी अम्मीच्या पायाचा विषय काढला, की तुम्ही गप्प का बसायचात? मी आत ऐकत असायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलतील.

तुम्ही बोलला नाहीत, आणि त्याचं काय झालं ते आता ऐका.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदनं परसात गाडी ओंडक्यावर घेतली. इनामगावचा निरोप आला होता, तो तीन दिवसांत निघणार होता. बरोबर भाभी, तीन वर्षांचा सलीम आणि पाळण्यातली मुलगी. मी पाणी भरून परत आले तर चारही बेअरिंगी परातीत. परातीतलं पाणी पांढरं. रशीद राखेनं घासत होता.

त्यानं एक उचलून मला दाखवली. "बघ बाजी, राकेलनं कधी अशी झाली असती?"

तुमचेच शब्द, अब्बा. तुमचाच हात.

मी म्हटलं, "हे टाकून दे. राकेल आण."

"राकेल कुठं मिळतंय? आणि अब्बा सांगायचेच ना, नवसागरासारखं काही नाही."

"भांड्याला. चाकाला नाही."

तो हसला. "तू नको सांगू बाजी चाकाचं. तू फक्त ग्रीस भरपूर भर या वेळी."

मागच्या ओट्यावर गेनूआप्पा चहा पीत बसले होते. भाभी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. नेहमीसारखी मी आत निघून गेले असते, पण सलीम त्या वेळी गाडीखाली बसून खेळत होता. मी म्हटलं, आणि ते सगळ्यांनी ऐकण्याइतकं मोठं निघालं, "त्या वर्षी चाक नवसागरानं गेलं. अब्बांनी धुतलं होतं. मी ग्रीस बरोबर भरलं होतं."

रशीद उठून उभा राहिला. "काय बोलतेस? काल चाळिसावा झाला त्यांचा. त्यांना उत्तर देता येत नाही म्हणून आता त्यांच्यावर ढकलतेस?"

"ते होते तेव्हाही उत्तर देत नव्हते."

"चौदा वर्षं तुला हे आठवलं नाही?"

गेनूआप्पांनी कप खाली ठेवला. "अरं पोरांनू, हळू. घरात दुःख हाय."

रशीद माझ्याकडं असा बघत होता, की जणू मी तुमच्या कबरीवर थुंकले आहे. चौदा वर्षं घातली तशी मी मान खाली घालणारच होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. अम्मी इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस ती परक्या पुरुषासमोर येणार नाही, म्हणून पडद्याच्या आतूनच बोलली. "रशीद, नवसागर मीच कुटून दिला होता."

रशीदनं हातातली बेअरिंग परातीत ठेवली.

"चारही बेअरिंगींना पुरेल एवढा. खलबत्त्यात. तुझी बहीण खरं सांगते."

गेनूआप्पा म्हणाले, "मग वहिनी, आजवर बोलला का न्हाईत?"

"काय बोलायचं, आप्पा? कल्हईवाल्याच्या नवसागरानं त्याच्याच बायकोचा पाय घालवला, असं गावोगाव झालं असतं, तर भांडं कुणी दिलं असतं त्यांच्या हातात? पोरीची चूक लोक पोटात घालतात."

"मी नाही घातली पोटात, अम्मी," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "ते मला दिसत होतं."

अब्बा, मला तेव्हा कळलं, की जिला आधार देऊन मी रोज परसात नेत होते तिलाही ठाऊक होतं. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं का? का एकमेकांशीही कधी बोलला नाहीत? अम्मीला मी अजून विचारलेलं नाही. तिच्यावरचा राग तिच्यासाठी ठेवला आहे. इथं तुमचाच लिहिते.

भाभीनं मुलीला रशीदच्या हातात दिलं. एरवी माझ्यापेक्षाही कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, "राकेल आल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही. आणि मुलंही बसणार नाहीत." गेनूआप्पांनी जाऊन मळ्यावरच्या इंजिनासाठी ठेवलेलं राकेल आणलं. मी बेअरिंगी आधी ऊन पाण्यात खळाखळा धुतल्या, लगेच पुसून ऊन दाखवलं, मग तीनदा राकेल बदललं. बोटानं प्रत्येक रूळ फिरवून पाहिला. एकीत तेवढ्या वेळातच तपकिरी ठिपके आले होते. ती मी रशीदच्या हातावर ठेवली. त्यानं नखानं खरवडून पाहिलं, ठिपका गेला नाही. तो नवी आणायला पुण्याला गेला.

संध्याकाळी तो परतल्यावर त्यालाच ग्रीस भरायला बसवलं. त्याचे हात आत व्यवस्थित जातात, अब्बा. शेवया निघायला लागल्या तेव्हा तो लहान पोरासारखा माझ्याकडं बघायला लागला. नट मी सैल सोडला. तुम्ही सांगितलेलं वाक्य त्याला सांगितलं, आणि कुणाचं आहे तेही सांगितलं. जे तुमचं आहे ते मी तुमचंच ठेवते.

परवा गाडी गेली. आज दुपारी गेनूआप्पा न्हावऱ्याच्या बाजारातून परतले. ओट्यावर बसून त्यांनी आधी पाणी प्यायलं, मग टोपी झटकली. मी दाराआड उभी होते.

"रशीद भेटला," ते म्हणाले. "चाक गार हाय म्हनून सांगाया सांगितलंय. दर कोसाला उतरून उलटा हात लावतोय, बैलं सुदिक वैतागली."

मी मान हलवली.

"आन् तिथं बाजारात एकजण म्हनला, बाप गेला, आता बंगल्याच्या चाकाचं वंगण कोन बघतं? पोरगं काय म्हनलं ठाऊक हाय?"

"काय?"

"म्हनलं, माझी बहीण बघती. आधीपास्नं तीच बघती." आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मी बी व्हतो की त्या दिवशी नदीवर. मी बी तुला बोललो व्हतो." एवढं म्हणून ते फुलांची रिकामी टोपली उचलून मळ्याकडं निघून गेले.

रशीदनं हे भर बाजारात सांगितलं, अब्बा. त्याच्या हातून कुणी भांडं काढून घेतलं नाही. इनामगावचं काम तसंच आहे. तुम्हाला ज्याची चौदा वर्षं भीती वाटली, त्यातलं काहीसुद्धा झालं नाही. 'माझी लेक बघते.' एवढंच म्हणायचं होतं तुम्ही.